तिची ती पाळी नव्हतीच

पत्र लांबलचक होतं, महत्त्वाचं तेवढं देते:

"डॉक्टर मॅडम, आमच्याकडे सव्वा वर्षाची कुत्री आहे आणि सात महिन्यांची दोन मांजरं, एक बोका एक भाटी, सख्खी भावंडं. कुत्रीला पहिल्यांदाच ब्लीडिंग सुरू झालं म्हणून दहा दिवस तिला घराबाहेर काढलं नाही. अकराव्या दिवशी रक्त जवळजवळ थांबलं, सुटलो एकदाचे म्हणून फिरायला नेलं तर कुठून तरी एक कुत्रा आला आणि बघता बघता दोघं अडकलेच. वीसेक मिनिटं पाठीला पाठ लावून उभी. कोणी पाणी मारलं, कोणी काठी आणली, मी नुसती रडत होते. सुटल्यावर त्या कुत्र्याचं सगळं लाल सुजलेलं बाहेर, माझा मुलगा विचारतो आई त्याचं हाड मोडलं का. पाळी संपल्यावर ती गाभण कशी राहील? आणि राहिलीच तर आपण घेतो त्या गोळ्या चालतात का? त्यात भाटी चार रात्री झाल्या ओरडतेय, जमिनीवर लोळतेय, पोटात दुखत असेल का? ब्लीडिंग तर काहीच नाही. बोका भाऊच आहे तिचा त्यामुळे ती काळजी नाही. फक्त त्याच्या पोटावर दोन रांगांत बारीक गाठी आहेत, गोचीड वाटतात पण ओढून निघत नाहीत. आणि सगळे म्हणतात एकदा पिल्लं होऊ द्या मग ऑपरेशन करा, खरं का?"

ताई, आधी दोन कामं करा आणि मग पुढचं वाचा. एक, माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्यांचं ते पाकीट जिथून काढलंय तिथे परत ठेवा, त्यातली अर्धी गोळीसुद्धा कुत्रीला द्यायची नाही. दोन, बोका आणि भाटी आत्ताच्या आत्ता वेगवेगळ्या खोल्यांत, मधलं दार बंद, आणि भाटीच्या खोलीची खिडकीपण. "भाऊच आहे तिचा" हे वाचलं आणि मी चष्मा काढून दोन मिनिटं नुसती बसले. मांजरांना नाती नसतात हो. बहीण-भाऊ, आई-मुलगा असलं काही त्यांच्या हिशेबात बसत नाही, एक माजावर आहे आणि दुसरा वयात आलाय एवढंच त्यांना कळतं आणि सात महिन्यांचा बोका बऱ्याचदा वयात आलेला असतो.

झालं दार बंद? आता कुत्रीचं बघू.

तुम्ही पाळी लिहिलंय ना, सगळा घोटाळा त्या एका शब्दाने केलाय. म्हणजे तुमच्या एकटीचा नाही, माझ्याकडे येणारी दहातली आठ माणसं पाळीच म्हणतात आणि मग रक्त थांबलं की बिनधास्त बाहेर नेतात. बाईच्या शरीरात काय होतं, बीज आधी सुटतं, गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन खाली येतं आणि गर्भाशयाचं वाढलेलं अस्तर गळून पडतं, ते रक्त. म्हणजे आपलं रक्त हे त्या महिन्याचा खेळ आटोपल्यावरचं. कुत्रीचं नेमकं उलटं आहे. तिच्यात अंडाशयातली बीजं पिकायला लागतात, इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन वाढतं, त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या भरून येतात आणि त्यांच्यातून रक्त झिरपतं. काही गळून वगैरे पडत नाही. बीज अजून सुटायचंच असतं. म्हणजे तिचं रक्त दिसणं ही तयारी चालू असल्याची खूण आणि रक्त फिकट होणं ही तयारी झाल्याची. तुम्ही दहा दिवस तिला अगदी नीट सांभाळलंत आणि बरोबर ज्या दिवशी दार उघडायचं नव्हतं त्या दिवशी उघडलंत. रागावत नाहीये, माझ्या स्वतःच्या घरात शिकत असताना हेच झालं होतं आणि तेव्हा पुस्तक माझ्या टेबलावर होतं.

साधारण हिशेब असा की रक्ताचे पहिले नऊएक दिवस नर मागे लागतात पण ती जवळ येऊ देत नाही, गुरगुरते, खाली बसून घेते, शेपूट आत घालते. मग पुढचे नऊएक दिवस ती स्वतःहून उभी राहते. पण हे नऊ-नऊ सरासरी आहे ताई, पाठ करून ठेवू नका, दोन्ही टप्पे कुठे तीन दिवसांचे असतात कुठे तीन आठवड्यांचे. काही कुत्र्या शेवटपर्यंत लालच राहतात, काही इतक्या चाटूनपुसून स्वच्छ राहतात की घरच्यांना एक थेंब दिसत नाही. म्हणून रंगापेक्षा तिच्याकडे बघायचं. सुरुवातीला योनीचा बाहेरचा भाग टम्म फुगून कडक असतो, नंतर तो मऊ, सैल पडतो, स्राव लालवरून गुलाबी, मग पातळ पिवळट होतो, आणि तिच्या मागच्या बाजूला शेपटीपाशी नुसतं खाजवलं तरी ती शेपूट एका बाजूला करते आणि मागचे पाय रोवून उभी राहते. शेपूट अशी बाजूला गेली की समजायचं, आता पट्टा हातातून सोडायचा नाही.

आता गंमत बघा. बीज सुटलं तरी कुत्रीचं बीज कच्चं असतं, ते नळीत आल्यावर अजून दोन-तीन दिवस पिकायला घेतं. मग आधी भेटलेल्या कुत्र्याचा काय उपयोग असं वाटेल, तर त्याचे शुक्राणू तिच्या पोटात पाच-सहा दिवस, कधी आठवडाभरसुद्धा जिवंत राहतात, ते बसतात वाट बघत. त्यामुळे अकराव्या दिवशीची भेट ही अगदी मोक्याची भेट आहे, गाभण राहायची शक्यता चांगलीच आहे असंच धरून चला. आणि अजून एक, हे कोणी सांगत नाही. झालं ते झालं, आता काय फरक पडतो म्हणून तिला मोकळं सोडू नका. तिचा माज अजून संपलेला नाही, परवा दुसरा कुत्रा भेटला तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होतात, कुत्र्यांतही आणि मांजरांतही. एकाच वेतात एक पिल्लू काळं लांब केसांचं आणि एक तांबडं आखूड केसांचं बघून लोक चक्रावतात त्यातल्या काही केसेस ह्याच असतात. पहिलं रक्त दिसल्यापासून निदान चार आठवडे पट्ट्याशिवाय बाहेर नाही, असा नियम करून टाका.

ते अडकण्याचं प्रकरण. तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न मला फार आवडला कारण कुत्र्याच्या लिंगात खरोखरच हाड असतं. मोडलेलं नव्हतं, पण असतं. चांगलं लांबट हाड, खालच्या बाजूने पन्हळीसारखी खाच आणि त्या खाचेतून लघवीची नळी जाते. (म्हणूनच कुत्र्याला मुतखडा झाला की खडा बहुतेक वेळा त्या हाडाच्या मागच्या टोकाला येऊन अडतो, नळीला तिथे फाकायला जागाच नसते.) हाड असल्यामुळे त्याला पूर्ण ताठरता यायच्या आधीच आत जाता येतं, आणि आत गेल्यावर मग लिंगाच्या बुडाशी जो एक गोळा असतो तो रक्ताने भरून फुगतो, आणि त्याच वेळी कुत्रीच्या योनीच्या तोंडाचे स्नायू त्याच्या मागे आवळले जातात. झालं कुलूप. मग नर एक पाय पलीकडे टाकून वळतो आणि दोघं पाठीला पाठ लावून उभे राहतात. पाच मिनिटं ते अर्धा तास, कधी त्याहून जास्त. तुमची वीस मिनिटं एकदम नॉर्मल.

लोकांना वाटतं सोडवलं म्हणजे गर्भ राहणार नाही. तसं नसतं. नराचं वीर्य तीन हप्त्यांत येतं, पहिला पातळ, थोडासा, दुसरा खरा शुक्राणूंचा, आणि हा दुसरा सुरुवातीच्या दोन-चार मिनिटांतच येऊन जातो. नंतर जे चालू असतं तो तिसरा हप्ता, नुसतं प्रोस्टेटचं पाणी, सगळ्यात जास्त, आणि त्याचं काम आधी गेलेल्यांना पुढे ढकलणं. माणसात प्रोस्टेटच्या जोडीला अजून दोन-तीन ग्रंथी असतात, कुत्र्यात ह्या कामाला धड अशी एकच ग्रंथी आहे, प्रोस्टेट, आणि ती एकटीच एवढं सगळं करते. म्हणजे तुमच्याकडे काठी येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. वरून पाणी, काठी, ओढाओढ केली की दोघांनाही आतून फाटू शकतं, रक्तस्राव होतो, मी टाके घातलेले आहेत. पुढे कधी समोर आलं तर दोघांची डोकी शांतपणे धरायची, पळू द्यायचं नाही, बघ्यांना पांगवायचं, बस. तुम्ही रडत का होईना पण उभ्या राहिलात तेच बरोबर केलंत.

आणि सुटल्यावर दिसलं ते लाल सुजलेलं म्हणजे तो फुगलेला गोळा, काही मिनिटांत उतरतो आणि आत जातो. असाच गोळा घरातला कुत्रा नुसता उत्साहात आला तरी आतल्या आत फुगतो आणि माणसं घाबरून फोन करतात की रात्रीत चार वृषणं झाली. बसल्या बसल्या उतरतो. मात्र अर्धा-पाऊण तास झाला तरी लिंग आत जात नाहीये, कोरडं पडतंय, रंग जांभळट होतोय तर ती इमर्जन्सी, ओलं ठेवायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचे, उद्यावर टाकायचं नाही.

बरं, पुढे काय. कॅलेंडरवर ती तारीख लिहा, वेळ लिहिली तरी चालेल. ह्याच आठवड्यात तुमच्या व्हेटकडे जाऊन सांगून ठेवा, लाजू नका, हे ऐकून आमच्या कोणाच्या भुवया वर जात नाहीत. गर्भ नको असेल तर मार्ग दोन. एक, प्रोजेस्टेरॉनचं काम अडवणारं अ‍ॅग्लेप्रिस्टोन नावाचं इंजेक्शन असतं, चोवीस तासांच्या अंतराने दोन देतात, ते सगळीकडे मिळतंच असं नाही. दुसरा, माज पूर्ण उतरू द्यायचा, काही आठवडे जाऊ द्यायचे आणि सरळ अंडाशय-गर्भाशय काढायचं ऑपरेशन, गाभण असली तरी ते सुरुवातीच्या दिवसांत करता येतं. ऐन माजात करायला आम्ही बऱ्याचदा का-कू करतो कारण तेव्हा तिथल्या रक्तवाहिन्या बोटाएवढ्या फुगलेल्या वाटतात आणि सगळं इतकं नाजूक असतं की धागा बांधताना फाटतं. कोणी जुन्या पद्धतीचं इस्ट्रोजेनचं इंजेक्शन देतो म्हणाला तर नको म्हणा, त्याने हाडांच्या मगजातलं रक्त बनणं बंद पडू शकतं आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. आपल्या गोळ्यांचंही तेच, माणसाच्या मापाच्या आणि माणसाच्या चक्रासाठी केलेल्या आहेत त्या, तिचं चक्र वेगळं आहे हे तर आत्ताच बघितलं.

खात्री करायची तर साधारण पंचविसाव्या ते तिसाव्या दिवशी सोनोग्राफी. त्याच्या आत करून उपयोग नाही, काही दिसत नाही आणि मग नाही म्हणून घरी जायचं आणि महिन्याने पोट दिसायला लागतं. पिल्लं मोजायची असतील तर शेवटी शेवटी, ५५ दिवसांनंतर एक्स-रे, तेव्हा हाडं नीट उमटतात. बीज सुटल्यापासून दिवस धरले तर कुत्री ६३ दिवसांत व्यायते, एखाद-दोन दिवस इकडे तिकडे, पण लागल्याच्या तारखेपासून धरलं तर ५७ ते ७२ काहीही निघतं, कारण तेच, शुक्राणू वाट बघत बसतात आणि बीजाला पिकायला वेळ लागतो.

पोटाच्या आतला नकाशा डोळ्यांसमोर असला की हे सोपं जातं म्हणून सांगते. आपलं गर्भाशय एक पिशवी. कुत्री आणि मांजरीचं इंग्रजी वाय अक्षरासारखं, मधे छोटीशी पिशवी आणि दोन बाजूंना लांब लांब शिंगं, ती वर किडनीपर्यंत जातात आणि टोकाला अंडाशय. पिल्लं त्या शिंगांत रांगेने बसतात, शेंगेतल्या दाण्यांसारखी, प्रत्येकाची वेगळी पिशवी आणि वार, ती वार पिल्लाच्या कमरेला पट्टा बांधल्यासारखी गोल असते. म्हणून एका वेळी सहा-आठ पिल्लं आरामात मावतात आणि म्हणूनच हे ऑपरेशन म्हणजे "छोटंसं काहीतरी" नाही, किडनीच्या जवळून अंडाशय ओढून बाहेर आणावे लागतात.

आता एक गोष्ट जी मी प्रत्येक कुत्रीवालीला सांगते आणि जिच्यामुळे जीव वाचतात. गाभण राहो न राहो, माजानंतर कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन दोन महिने चढंच राहतं. शरीराला ती गाभण आहे की नाही ह्याने फरक पडत नाही, ते आपलं तयारीला लागतं. मग होतं काय, काही कुत्र्या पिल्लं नसताना पलंगाखाली घर करतात, मोजा नाहीतर खेळणं पिल्लासारखं जपतात, कोणी हात लावला तर गुरगुरतात, सडांतून दूधसुद्धा येतं. ते खोटं गर्भारपण, दोन-तीन आठवड्यांत जातं, फक्त दूध पिळून बघू नका, पिळलं की अजून येतं. पण ह्याच काळात गर्भाशयात पू होऊ शकतो, आणि ते खोटंबिटं काही नसतं. माजानंतर साधारण महिना-दोन महिन्यांत कुत्री पाणी फार प्यायला लागली, मरगळली, खाणं सोडलं, उलट्या झाल्या, तर "गरमीमुळे असेल" म्हणू नका. खालून घाण स्राव येत असला तर निदान कळतं तरी, गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर एक थेंब दिसत नाही आणि आत पिशवी भरत जाते. त्याच दिवशी डॉक्टर.

चला मांजरांकडे. भाटीच्या पोटात दुखत नाहीये. ती माजावर आहे. मांजरीला माजात रक्त जात नाही, त्यामुळे लोक ब्लीडिंगची वाट बघत बसतात आणि ती चार घरांना झोपू देत नाही. तुम्ही लिहिलंय ते सगळं बसतं, ओरडणं, लोळणं, अजून बघा, शेपटीच्या वर पाठीवर हात ठेवलात तर पुढचं अंग जमिनीला टेकवेल, मागचं वर करेल, शेपूट बाजूला आणि मागच्या पायांनी जागच्या जागी पीठ मळल्यासारखं करेल. पोट दुखणारी मांजर अशी वागत नाही, ती कोपऱ्यात जाऊन गप्प बसते.

आणि मांजरीची मशीन कुत्रीपेक्षा एकदमच वेगळी. कुत्रीचं बीज नर असो नसो ठरल्या वेळी सुटतं. मांजरीचं बीज (एखादा अपवाद सोडला तर) बोका भेटल्याशिवाय सुटतच नाही. बोक्याच्या लिंगावर बारीक बारीक काटे असतात, मागे वळलेले, त्यांचा स्पर्श झाला की तिच्या मेंदूला निरोप जातो, तिथून हार्मोनचा लोंढा सुटतो आणि मग एक-दोन दिवसांत बीजं सुटतात. एका भेटीत बहुतेक वेळा निरोप पुरेसा पोचत नाही म्हणून त्या दिवसभरात कितीतरी वेळा एकत्र येतात, प्रत्येक वेळ काही सेकंदांची, शेवटी ती किंचाळते, बोक्याला पंजा मारते, जमिनीवर गडागडा लोळते. लोकांना वाटतं भांडण चाललंय. कुत्र्यांसारखं अडकून उभं राहणं मांजरांत नाहीच.

त्याचा उलटा परिणाम तुम्ही आत्ता भोगताय. बोका भेटला नाही की बीज सुटत नाही, आठवड्याभरात माज उतरतो आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा चढतो, पुन्हा तीच मैफल. मांजरीचा माज दिवसाच्या लांबीवर चालतो, प्रकाश बारा-चौदा तासांच्या आसपास गेला की सुरू, दिवस लहान झाले की विश्रांती, पण घरातल्या मांजरीला दिव्यांमुळे दिवस मोठाच वाटत राहतो त्यामुळे ती बाराही महिने चालू राहू शकते. कुत्रीचं तसं नाही, तिला साधारण सहा-सात महिन्यांनी एकदा. भाटी ह्या चार रात्रींत भावाबरोबर एकाच घरात होती, म्हणजे तिचीही सोनोग्राफी करून घ्या, मांजरीचे दिवसही तेवढेच, ६३ ते ६७.

पत्रात पुढे एका ठिकाणी तुम्ही भाटी तीनरंगी आहे म्हणालात, पांढरी-काळी-तांबडी. मग ती भाटीच, शेपूट उचलायचीपण गरज नाही. तांबडा रंग देणारं जीन एक्स गुणसूत्रावर असतं, तांबडा आणि काळा दोन्ही एकाच अंगावर यायचे तर एक्स दोन लागतात. क्वचित तीनरंगी बोका सापडतो, त्याच्यात एक एक्स जादा असतो आणि तो बहुतेक वांझ निघतो. हे जीन एक्सवर आहे हे शंभरेक वर्षं माहीत होतं पण नेमकं कुठलं ते जपान आणि अमेरिकेतल्या दोन टीमनी २०२५ मध्ये पेपर काढून सांगितलं. असो, मला असल्या गोष्टींचा नाद आहे.

बोका मात्र खरंच बोका आहे ना ते बघून घ्या, कारण माझ्याकडे "आमचा बोका जाड झालाय" म्हणून आणलेल्याने दोन दिवसांनी चार पिल्लं घातली होती. शेपूट वर करा. गुदद्वाराच्या खाली जवळच उभी चीर दिसली तर भाटी. दोन छिद्रांमध्ये बोटभर अंतर, मधे केसाळ दोन गोळ्या आणि खाली गोल टिंब तर बोका. बोक्याचं लिंग मागच्या दिशेला असतं, कुत्र्यासारखं पोटाखाली पुढे नसतं. वृषणं पिल्लू दोन महिन्यांचं होईतो खाली आलेली असतात, सहा महिन्यांपर्यंत वाट बघायची, एक आलं आणि एक नाही असं असेल तर ते पोटात किंवा जांघेत अडकलंय. पोटातल्या उष्णतेत तिथे शुक्राणू बनत नाहीत पण हार्मोन बनतं, म्हणजे बोका ओरडणार, लघवीचे फवारे मारणार, सगळं करणार, आणि कुत्र्यांत तर अशा अडकलेल्या वृषणाला पुढे गाठ व्हायचा धोका खूप जास्त. ते शोधून काढावंच लागतं, दिसतंय ते एक काढून भागत नाही.

"एकदा पिल्लं होऊ द्या" ह्याला शरीराच्या बाजूने काडीचा आधार नाही. आई होण्याची हौस वगैरे आपण तिच्या तोंडी घालतो. उलट अंडाशय लवकर काढले तर स्तनांच्या गाठींचा धोका कमी होतो आणि गर्भाशयच नसेल तर पू कुठे होणार. हां, मोठ्या जातीच्या कुत्र्यांत सांधे आणि हाडं पूर्ण वाढू द्यावीत म्हणून वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, ते तुमच्या डॉक्टरशी बोलून ठरवा, तुमची तर सव्वा वर्षाची झालीच. मांजरांत थांबण्यात काही अर्थ नाही, चार-पाच महिन्यांनंतर कधीही. आधी बोक्याचं करून टाका, ते लवकर होतं, पण ऑपरेशन झालं म्हणून संध्याकाळी दार उघडू नका, नळ्यांमध्ये शिल्लक शुक्राणू असतात, महिनाभर तरी दोघं वेगळे. लिंगावरचे ते काटेसुद्धा हार्मोनवर जगतात, ते जायला काही आठवडे लागतात. आणि फक्त नळी बांधायची नसबंदी मागू नका, त्याने पिल्लं थांबतात पण ओरडणं, फवारे, मारामाऱ्या आहेत तशाच राहतात कारण वृषणं जागेवरच असतात.

राहिले बोक्याच्या पोटावरचे गोचीड. दोन रांगांत, समोरासमोर, सारख्या अंतरावर, ओढून निघत नाहीत. ताई, ते त्याचे सड आहेत. नरांनाही असतात, मांजरांत साधारण आठ, कुत्र्यांत दहाच्या आसपास. गोचीड कुठेही चिकटतो, रांग धरत नाही, आणि केस बाजूला करून नीट बघितलंत तर त्याला पाय दिसतात. चिमटा ठेवून द्या, आणि आधीच ओढून कुठे सोललं असेल तर मिठाच्या कोमट पाण्याने पुसून घ्या, दोन दिवसांत सुकलं नाही तर ऑपरेशनची वेळ घ्यायला जाल तेव्हा दाखवा.